सारवणाखाली गेलेला फवारा

फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि नवी पोस्टिंग मिळाली मलेरिया फवारणीच्या टीमवर, झरीला, तालुका तलासरी. शत्रू डास. सकाळी सातला फॉल-इन, पाठीवर पंप, घराघरांत भिंतींवर औषध. भिंतीवर बसलेला डास मेलाच पाहिजे!

पण ताप काही हटेना. मी टीमवर डाफरलो, "पंप मारता की पाणी शिंपडता?"

एका संध्याकाळी विसरलेला मास्क आणायला रमीआजीच्या घरी परत गेलो. बघतो तर आजी सकाळच्या फवाऱ्यावर शेणमातीचा हात फिरवतेय.

"आजी, हे काय?"

"पांढरे डाग पडलेत. उद्या व्याही यायचेत. असं घर दाखवू? सगळ्याच बाया सारवतात."

आयला! आम्ही सकाळी मारायचो, अख्खा पाडा संध्याकाळी सारवायचा. मी ओरडणार, एवढ्यात आतून कण्हणं ऐकू आलं. आजीची सून कल्पना, गोधडीत थरथर कापत होती. आशाताईंना बोलावलं. त्यांनी बोटातून रक्त काढलं, पट्टी बघितली. मेंदूला चढणारा मलेरिया. मी १०८ लावला.

"पेशंट?"

"गरोदर बाई. आठवा महिना. मलेरिया."

"निघालो."

आशाताई सोबत बसल्या, गाडी तलासरीच्या दवाखान्याकडे गेली. आजीनं माझी बाही धरली. "फौजी, जगंल ना?"

खोटं बोलवेना. ईशान्येला आमचा नाईक शिंदे याच तापानं गेला, हे सांगितलं. गस्तीवर म्हणाला, "साधा ताप आहे, यार." दुपारी रायफल माझ्या हातात देऊन बसला, तो उठलाच नाही. माझा जिवाभावाचा दोस्त होता.

सकाळी आजीनंच पाडा गोळा केला. ऑर्डर उलटी! आधी सारवण, भिंत वाळली की फवारा, मग पावसाळाभर हात लावायचा नाही. बाया चढाओढीनं सारवत सुटल्या, आम्ही पंप घेऊन मागे. काय जोश होता राव! शेवटच्या घराशी असताना आशाताईंचा फोन आला.

"ताप उतरला. बाळ लाथा मारतंय!"

पाड्यात एकच गलका. पोरं पंपावर ताल धरून नाचली, मीही नाचलो.

आजी नाचली नाही. शेणाचे हात पुसत माझ्याजवळ आली.

"तुझ्या त्या शिंद्याला आई होती?"

"होती."

"तिला सांगायला कोण गेलं?"

"मी. त्याची काळी ट्रंक घेऊन. तिला वाटलं, तो मागून येतोय."