श्री डोडो प्रसन्न

चिंचवडच्या आमच्या वर्कशॉपात एक लेथ मशीन होतं, पट्ट्यावर चालणारं, म्हातारं. विलायतेत शिकून आलेले आमचे साहेब त्याला डोडो म्हणायचे. आम्हाला वाटलं, बनवणाऱ्या कंपनीचं नाव असणार. मग काय, आमच्याही तोंडी तेच बसलं. अवजड काम आलं की आम्ही बिनदिक्कत म्हणायचो, डोडोवर टाक.

त्यावर काम करायचे चाचा. मुसलमान माणूस, पण खंडेनवमीला ते मशीन पुसायला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचे नाहीत. त्या वर्षी नवं मशीन येणार आणि चाचांना घरी बसवणार, अशी कुजबुज होती. चाचांना अन्न गोड लागत नव्हतं. डबा तसाच परत जायचा.

पूजेला झेंडूच्या माळा घालून झाल्या, तसं मी हौसेने मशीनवर खडूने लिहिलं, 'श्री डोडो प्रसन्न'. साहेबांनी ते वाचलं आणि पोट धरून हसले. मग म्हणाले, अरे, डोडो हा पक्षी. दूर समुद्रातल्या एका बेटावर राहायचा. बदकापेक्षा कितीतरी मोठा, पंख नुसते नावाला. माणूस कधी पाहिलेलाच नाही, त्यामुळे भ्यायचा नाही, सरळ जवळ यायचा. माणसांनी आणि जहाजांतून आलेल्या जनावरांनी त्याला पार संपवलं. आता जे जुनाट, निकामी, त्याला इंग्रज लोक डोडो म्हणतात.

माझ्या अंगावर काटा आला. अहो, आमच्या खेडच्या शिवारात ढोर मेलं की गिधाडांनी माळ काळा व्हायचा. पाखराची अख्खी जात संपते, आभाळाखाली कुठेच एकही उरत नाही, हे माझ्या डोक्यात मावेना. आणि कुणी न पाहिलेल्या त्या पाखराचं नाव रोज आमच्या तोंडी, चिंचवडात! केवढं नवल. नारळ हातात धरून मी नुसता उभा.

चाचांनी फडकं खाली ठेवलं. "साहेब, शेवटचा जो उरला असेल, त्याला कळलं असेल का, आता आपण एकटेच म्हणून?"

साहेबांचं हसू गेलं. मग बूट काढून पुढे आले आणि त्यांनी मशीनला फूल वाहिलं.

"मशीन जाणार, चाचा. तुम्ही नाही. नव्यावर तुम्हीच बसायचं. फक्त शिकताना माझं डोकं खाऊ नका."

चाचा मशीनला धरून रडले. आम्ही माना खाली घालून उभे राहिलो, नारळ फोडायचं कुणाला सुचेना.