आईच्या हाडातले स्क्रू

आमच्या बाबांकडे कुणी साधा स्क्रू मागायला आलं की त्याची उलटतपासणी होते. कशात बसवणार? लाकडात, भिंतीत की पत्र्यात? त्यावर काय टांगणार? जागा ओलसर आहे का? आई म्हणते, एवढी उत्तरं देण्यापेक्षा लोक दोरीने बांधून मोकळे होत असतील. पण बाबा सुतार आहेत, आणि हट्टी सुतार आहेत. न्हाणीघराच्या दाराला पितळीच स्क्रू. टणक लाकूड असेल तर आधी बारीक भोक पाडायचं, आट्यांवर साबण फिरवायचा आणि मगच स्क्रू पिळायचा. घाई करणाऱ्याला ते खुशाल खिळे घ्यायला सांगतात, आणि त्यांच्या तोंडून ती शिवी असते.

त्यातही एक प्रवचन त्यांचं फार आवडतं. स्क्रू कितीही चांगला असो, लाकूड जुनं झालं असेल तर तो धरत नाही. आटे नुसते फिरत राहतात, आतून भुसा निघतो आणि एक दिवस सगळं खाली येतं. हे मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

तर आई ओल्या फरशीवर घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून दाखवला. हाडात तीन स्क्रू होते, चांगले बोटभर लांब. बाबांनी चष्मा पुसला आणि सुरुवात केली. धातू कुठला? गंजणार नाही ना? आटे फक्त टोकालाच का? आधी भोक पाडलं होतं का? मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण डॉक्टर हौशी निघाले, त्यांनी चित्र काढून सगळं समजावलं. निघताना एकच गोष्ट बजावली: वॉकर धरून पायावर भार द्यायचा, रोज चालायचं. या वयात पडून राहिल्या तर कायमच्या अंथरुणाला खिळतील.

घरी आल्यावर बाबांनी तिला उठूच दिलं नाही. तिने पाय खाली सोडले की हे हजर. चहा पलंगावर, कंगवा पलंगावर, खिडकीतलं रोपटंसुद्धा तिला बघता यावं म्हणून उशाशी आणून ठेवलं. वॉकर कपाटामागे गेला. मी बोलले की म्हणायचे, उद्या बघू. व्यायाम करून घ्यायला बाई यायच्या, त्यांना हिला ताप आहे असं खोटंच सांगून परत पाठवलं. बाबा आणि खोटं, माझा विश्वासच बसेना.

आई आधी भांडली. मग भांडायची थांबली. नाकावर माशी बसू न देणारी माझी आई मुकाट्याने दूध प्यायला लागली आणि भिंतीकडे तोंड करून पडायला लागली, तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं.

एका दुपारी मी वॉकर ओढून बाहेर काढला आणि पलंगापुढे ठेवला. बाबा मध्ये येऊन उभे राहिले. माझा रागाने तोल गेला. तिला असंच पाडून ठेवायचंय का तुम्हाला, असं मी तोंडावर विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बोलले ते आईशी.

"स्क्रू चांगले आहेत गं. त्यांना नाव ठेवायला जागा नाही. पण तुझं वय..." ते अडखळले. "जुन्या लाकडात स्क्रू धरत नाही. दार निखळलं तर मी दुसरं बसवीन. तुला कुठून आणू?"

डॉक्टरांना त्यांनी नको नको ते विचारलं होतं, एवढंच विचारलं नव्हतं. उत्तर ऐकायची भीती वाटली असणार. माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला.

आई कोपरावर रेलून उठली.

"अहो, मी काय लाकूड आहे?" ती म्हणाली. "लाकूड कापलं की संपलं, ते पुढे वाढत नाही. माझं हाड जिवंत आहे. रोज थोडं थोडं भरून येतंय, त्या स्क्रूंना धरून. पण मी उभी राहिले तर. त्या व्यायामाच्या बाईंनी सांगितलंय मला, तुम्ही त्यांना पळवून लावायच्या आधी."

खाली बसून बाबांनी वॉकरचे चारही पाय हलवून बघितले, एक नट जरा सैल होता तो आवळला. मग आईला उठवलं आणि तिच्या खुब्यावर तळहात ठेवला. आमच्यासमोर त्यांनी तिला कधी हात लावलेला मला आठवत नाही. मी खिडकीबाहेर बघायचं नाटक केलं.

आईने पाऊल टाकलं. बाबांनी मान वाकवली, जुनं कपाट हलवताना कान देतात तशी.

"करकरतंय का?"

"दुखतंय. करकरत नाहीये."

दोघं तसेच दारापर्यंत गेले, ती पुढे सरकत आणि हे तिच्या खुब्यावरचा हात न उचलता तिच्याबरोबर तिरके चालत. उंबरठ्याशी आई थांबली.

"आता सोडा," ती म्हणाली.

थोडं धरतो की, असं काहीतरी ते पुटपुटले.

"सोडा हो."

बाबांनी हात काढला. तो तिच्यापासून वीतभर लांब, तसाच हवेत राहिला. आई उभी होती.