पंपवाल्याच्या चार ओळी

मास्तरांनी आयुष्यात एक दिवसही शाळेत शिकवले नव्हते. ते चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. तरी चर्चची सगळी मंडळी त्यांना मास्तरच म्हणायची, कारण मंडळीत कुणी वारले की त्या माणसावर चार ओळी लिहायचे काम त्यांच्याकडे होते. शवपेटी कबरीत उतरवताना त्या ओळी सगळे मिळून गात. चाल एकच, जुनी. ओळी मात्र ज्याच्या त्याच्या. सव्वीस वर्षे मास्तर हे काम करत आले होते.

त्यांची एक पद्धत होती. गेलेल्या माणसाच्या घरी जायचे, त्याच्या रोजच्या जागेवर बसायचे आणि काहीही विचारायचे नाही. थोड्या वेळाने घरातले कुणी ना कुणी येऊन आपणहून बोलू लागायचे. बोलण्यात एखादी अशी गोष्ट निघायची की मास्तर ताडकन उठायचे. वसतिगृह सांभाळणाऱ्या एका बाईंवर त्यांनी लिहिले होते: ‘दार लावण्याआधी ती रस्ता पाहून घ्यायची, मागे राहिले का कुणी, याचा घोर करायची.’ फार मोठे काव्य नव्हे. पण ते गाताना वसतिगृहातल्या मुलींचा आवाज फुटेना.

मग दुकानात काच कापायचे यंत्र आले. फ्रेम आत ठेवली की ते स्वतःच माप घेई आणि चार मिनिटांत काच काढून देई. मास्तरांना त्याचा राग नव्हता. आपल्यापेक्षा ते सुबक कापते, हे ते गिऱ्हाइकांनाही सांगत. पण यंत्र आल्यावर मालकाने दुसरा कारागीर कमी केला, मास्तरांना काउंटरवर उभे केले आणि दुपारी तासभर बाहेर जायची सवलत बंद केली. गेलेल्यांच्या घरी जाऊन बसायचे कधी?

त्यातच एकदा मास्तर तापाने फणफणले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दफन होते. भाचीने फोन पुढे केला. “मामा, याला सांगा ना. नाव, वय, धंदा, दोन चांगले गुण. क्षणात लिहून देईल.”

“अगं, तो काय त्यांना ओळखतो?”

“तुम्ही तरी कुठे सगळ्यांना ओळखता? तुम्हीही ऐकूनच लिहिता की.”

मास्तरांनी फोन हातात घेतला. ओळी आल्या. गोड होत्या, चालीत चपखल बसल्या, आणि लोक रडलेसुद्धा. पुढच्या वेळी ताप नव्हता, पण दुकान होते. त्याच्या पुढच्या वेळी दुकानाचीही सबब लागली नाही. एकदा त्यांनी मुद्दाम स्वतः लिहायला घेतले, तर तासभर कागद कोराच राहिला. ते इतके घाबरले की पुन्हा तसा प्रयत्न त्यांनी केला नाही. कुणाला सांगायची सोय नव्हती, थांबायचीही नव्हती. मंडळीत माणसे मरतच होती.

पंपवाला गेला तेव्हा मास्तरांनी दुकानातूनच त्याच्या सुनेला फोन करून माहिती घेतली. हा माणूस पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला होता. मास्तरांनी त्याला फक्त उपासनेत पाहिलेले, शेवटच्या बाकावर, तोंडातून अक्षर न काढता बसलेला. फोनमधल्या यंत्राने लिहून दिले: ‘झऱ्यासम जगला शांत, कधी न चढला सूर, सेवेचा दीप उजळुनी गेला प्रकाशी दूर.’ पुढच्या दोन ओळी याच वळणाच्या. शोभतेय की, असे वाटून मास्तरांनी त्या तशाच देऊन टाकल्या.

सात महिन्यांनी पंपवाल्याची बायको चष्मा करायला दुकानात आली. ही घरी मशीनवर पिशव्या शिवायची, म्हणून सगळे तिला पिशवीकाकू म्हणत. मास्तरांनी दोन बुबुळांमधले अंतर मोजायला तिच्या नाकावर पट्टी धरली.

“माझ्या डोळ्यांत बघा, काकू. हलू नका.”

“हलत नाही. मास्तर, एक विचारू? तुम्ही त्यांच्यात काय पाहिलंत?”

“कुणाच्यात?”

“आमच्या ह्यांच्यात. अहो, त्यांचा आवाज तिसऱ्या गल्लीत जायचा! मीठ कमी पडलं तरी शेजारच्यांना कळायचं. तुम्ही लिहिलंत, कधी न चढला सूर. मला वाटलं, लोक आता फिदीफिदी हसणार. तर सगळे रडत होते. मग म्हटलं, मास्तर उगाच नाही लिहायचे. त्यांना दिसलं असणार, मला दिसलं नाही.” तिचे डोळे पट्टीच्या वर, सरळ मास्तरांच्या डोळ्यांत होते. “अडतीस वर्षं मी त्यांना उलटून बोलले. ते एक ओरडायचे, मी दोन ओरडायचे. तो शांत माणूस माझ्यामुळेच तर हरवला नाही ना कुठे? सांगा ना. कुठे पाहिलंत तुम्ही त्यांना शांत?”

काउंटर आणि भिंत यांच्यात दीड हात जागा, मागे यंत्र गुरगुरतेय, पुढे हा चेहरा. वेळ मारून न्यावी म्हणून ते बोलून गेले, “एकदा बसथांब्यावर. एका म्हाताऱ्याशी बोलत होते. कानाशी वाकून, अगदी हळू.”

काकूचा चेहरा असा उजळला की मास्तरांना पट्टीवरचे आकडे दिसेनासे झाले.

“म्हणजे बाहेर हळू बोलायचे,” ती म्हणाली. “घरातच ओरडायचे.”

त्या रविवारी पाळकसाहेबांनी यंत्र आणि माणूस याच विषयावर उपदेश केला. म्हणाले, “देवाने सगळे प्राणी घडवले आणि पहिल्या माणसापुढे आणून उभे केले. हा यांना काय नाव देतो, ते पाहायला! देवाला नावं ठेवता येत नव्हती का? चुटकीसरशी ठेवली असती. पण तो थांबला. मला ही गोष्ट फार आवडते, की देव थांबला. घडवायचं थोडं काम त्याने आपल्यासाठी राखून ठेवलं. त्याच्या प्रतिमेचे आहोत ना आपण. यंत्र ओळी जुळवेल, आपल्यापेक्षा बऱ्या जुळवेल. पण त्याचं कुणी मरत नाही. मेलेल्याच्या घरी ते जाऊन बसत नाही. आपले मास्तर बसतात.” आणि त्यांनी उदाहरण म्हणून वाचून दाखवले: झऱ्यासम जगला शांत.

मास्तर तिसऱ्या बाकावर मधोमध होते. डावीकडे चार माणसे, उजवीकडे पाच. उठून जायचे तर सगळ्यांचे गुडघे ओलांडावे लागणार. बाजूच्याने कौतुकाने त्यांची मांडी दाबली.

आणि मागे पिशवीकाकू उभी राहिली. उपासनेत मध्येच बोलायची रीत नव्हती, पाळकसाहेबही चपापले.

“मला मंडळीपुढे कबूल करायचंय,” ती म्हणाली. “माझा नवरा बाहेर हळू बोलायचा. मास्तरांनी पाहिलंय. घरातच ओरडायचा, म्हणजे दोष माझ्यात होता. मी त्याला ओळखलं नाही. देवाने मला क्षमा करावी. तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना करा.”

सगळ्यांनी माना खाली घातल्या. मास्तरांनीही घातली. प्रार्थना संपल्यावर त्यांच्या ओठांतून आमेन निघाले नाही.

दुसऱ्या दिवशी काकूचा चष्मा तयार झाला. एरवी निरोप धाडला असता. मास्तर स्वतःच घेऊन निघाले. “कुठे चाललात भर दुपारी?” मालक ओरडला. मास्तर पायऱ्या उतरले.

काकू मशीनवर होती. खोलीभर कापलेल्या पिशव्यांचे गठ्ठे होते. मास्तरांनी चष्मा दिला आणि दारातच उभे राहून सांगून टाकले.

“काकू, त्या ओळी माझ्या नाहीत. फोनमधल्या यंत्राने लिहिल्या. मी तुमच्या घरी आलोच नव्हतो.”

“म्हणजे?”

“मी त्यांच्यात काही पाहिलं नव्हतं.”

मशीनचे चाक थांबले. “आणि तो बसथांबा?”

“खोटं.”

“म्हातारा?”

“नव्हताच कुणी.”

काकूने नवा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मास्तरांना नीट पाहून घेतले. “सात महिने,” ती म्हणाली. “सात महिने मी त्या शांत माणसाला शोधतेय. जुन्या फोटोंत शोधलं. पंपावरच्या लोकांना जाऊन विचारलं, ते तोंडं लपवून हसले. काल भर मंडळीत माफी मागितली मी. कशाची, मास्तर? माझ्या संसाराची?”

“मी पाळकसाहेबांना सांगतो. रविवारी सगळ्यांपुढे सांगतो.”

“ते तर सांगालच. नाही सांगितलंत तर मी आहेच.” तिने पायाने एक खुर्ची पुढे सरकवली. “ही त्यांची. बसा.”

“काकू, मला आता जमत नाही. खरंच. सुचतच नाही.”

“मी सुचायला नाही सांगितलं. बसायला सांगितलं.”

मास्तर बसले. खुर्ची बुटकी होती, गुडघे छातीशी आले. खिशात फोन थरथरला, दुकानातून असणार. काकूने हात पुढे केला. मास्तरांनी फोन दिला आणि तो पिशव्यांच्या गठ्ठ्याखाली गेला.

बराच वेळ नुसते मशीन चालले. मग तीच बोलू लागली, पाठ न वळवता. पंपाच्या घरघरीत अडतीस वर्षे काढली, म्हणून त्याला कमी ऐकू यायचे. कोपऱ्यावरून माझ्या नावाने बोंब ठोकायचा, मला लाज वाटायची. मी दवाखान्यात होते तेव्हा डॉक्टरवर असा गरजला की दोन मजल्यांवरचे लोक धावत आले. शेवटचे अकरा दिवस त्याचा आवाजच गेला होता. “अकरा दिवस, मास्तर. मला शिवता येईना. मीच ओरडले त्यांच्यावर, अहो ओरडा ना एकदा! त्यांनी ओठ हलवले नुसते.”

मास्तर रडत होते आणि ते त्यांच्या लक्षात आले नव्हते. त्यांनी पिशव्यांच्या मापाच्या कागदाचा एक तुकडा उचलला आणि कितीतरी महिन्यांनी स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली. वाचून दाखवली. “कोपऱ्यावरून त्याने हाक दिली की घर जागे व्हायचे.”

“जागं? छे. दचकायचं.”

मास्तरांनी खोडले. “कोपऱ्यावरून त्याने हाक दिली की घर दचकायचे.”

काकूने चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला, आणि हळूच मान हलवली.

“दुसरी?”

दुसरी येत नव्हती. मास्तर कागदाकडे पाहत राहिले. पाठ भरून आली होती, पायाला मुंग्या आल्या होत्या, आणि गठ्ठ्याखाली फोन पुन्हा थरथरू लागला होता.

“उद्या येऊ का, काकू?”

“नाही, बसा,” काकू म्हणाली आणि तिने पुढची पिशवी सुईखाली सरकवली.