कामानंतरचा एक तास

अंबडच्या एका कारखान्यात महेबूबला सगळे ‘बसणारे चाचा’ म्हणतात. वेल्डिंग दुसरे करतात. हा वाळूची बादली आणि आग विझवायचं लाल सिलिंडर शेजारी घेऊन नुसता बघत बसतो. वेल्डर हात धुऊन चहाला गेला तरी हा पुढचा एक तास जागचा हलत नाही. फटीत शिरलेली ठिणगी आत धुमसत राहते आणि सगळे पांगल्यावर डोकं वर काढते, म्हणून कंपनीचा तसा नियमच आहे. ‘बसायचा पगार नशीबवानालाच मिळतो, चाचा,’ असं पोरं चिडवतात. चाचा हसतो. पोरांना काय माहीत?

चार वर्षांपूर्वी तो स्वतः वेल्डर होता, आणि हात असा साफ की साहेब लोक नाव घेऊन बोलवायचे. धाकटी बहीण सितारा घोटीला दिलेली. तिचा नवरा झीशान गाद्या भरायचा. खाली दुकान, वर घर. कापसाची पोती ठेवायला त्याला लोखंडी माळा हवा होता. एका रविवारी महेबूब मशीन घेऊन गेला. त्याने पोती बाहेर काढायला लावली, कोपरे झाडले, फरशी ओली केली, भिजवलेली गोणपाटं टांगली. मागच्या फळ्यांच्या भिंतीतली एक फट तेवढी नजरेतून सुटली.

दीडला काम उरकलं. तो स्टूल ओढून बसला.

जिन्यावरून सिताराने हाक मारली, “भाई, वर या. जेवण निवतंय.”

“तासभर बसतो गं.”

“घरचंच काम हाय. इथं कोण सायेब बघाया येतोय? तुमी नाय आलात तर मी बी नाय जेवणार.”

बहिणीने असं म्हटल्यावर कोणता भाऊ बसून राहील? दहा मिनिटांत महेबूब उठला. चूक म्हणावी तर एवढीच, पण एवढी पुरली.

झीशान जेवून नेहमीसारखा खाली दुकानात आडवा झाला. वर बहीणभाऊ आईच्या आठवणी काढत बसले. वास आला तेव्हा दोघं धावले. फळ्यांमागे वर्षानुवर्षं साचलेली कापसाची धूळ धुमसत होती. ज्वाळा फारशा नव्हत्याच, नुसता धूर. झीशान गादीवर झोपला होता तसाच पडला होता. दवाखान्यात नेईपर्यंत सारं संपलं होतं.

महेबूबने पुन्हा वेल्डिंगला हात लावला नाही. कंपनीत राखणीचं काम मागून घेतलं. महिन्यातून एकदा तो घोटीला जातो. सितारा पाणी देते, वहिनीच्या गुडघ्यांची चौकशी करते. जेवायची वेळ झाली की मात्र गप्प होते. पाहुण्याला उपाशी सोडणं जिला पाप वाटायचं, ती सख्ख्या भावाला ‘जेवून जा’ म्हणत नाही. ही आपली शिक्षा, असं महेबूबने मनाशी धरलं होतं. तिने एकदा तरी म्हणावं, एवढीच त्याची आस होती.

गेल्या महिन्यात त्याला राहवलं नाही. निघताना दारात थांबून तो म्हणाला, “सितारा, पायजे तर शिव्या दे. पण एकदा जेवून जा म्हण.”

सिताराने हातातला रिकामा पेला उंबऱ्यावर ठेवला. मग म्हणाली, “तुमच्यावर राग नाय भाई. तुमी बसलेच व्हते. उठवलं मी. तवापासून कुणालाच जेवाया हाक मारत नाय. जीभच उचलत नाय.”

“उठलो तर मीच ना?”

“उठवलं कुणी?”

चार वर्षं आपलंच दुःख महेबूबने कुरवाळलं होतं; तिच्या वाट्याला काय आलंय, हे एकदाही विचारलं नव्हतं. याची त्याला मनापासून लाज वाटली.

आत चुलीवर भात तयार होता. तिच्या तोंडून शब्द निघेना, आणि आपण होऊन आत जाऊन बसण्याचा त्याला धीर होईना. तीनच्या गाडीने तो उपाशीच अंबडला परतला.