दोन विहिणींची साय

अंधेरीच्या आमच्या लॅबमध्ये मला पगार मिळतो तो थेंबांना एकत्र येऊ न देण्याचा. चेहऱ्याला लावायचं क्रीम म्हणजे पाण्यात विखुरलेले तेलाचे बारीक थेंब. ते एकमेकांत मिसळायला लागले की मोठे होतात, वर तरंगतात आणि क्रीम फाटतं. म्हणून प्रत्येक थेंबाला आम्ही एक अंगरखा चढवतो. थेंब अंगाला अंग लावून बसतात, पण एकजीव काही होत नाहीत. क्रीम असं टिकून राहिलं की साहेब खूश.

मुलुंडला घरी माझ्या फ्रिजमध्ये तोच प्रकार चालला होता आणि तिथे मात्र मी कातावले होते. सायीची दोन भांडी. एक सासूबाईंचं, एक आईचं. आई स्वतःच्या चहापुरतं दूध वेगळं तापवायची आणि त्याची साय वेगळ्या स्टीलच्या डब्यात जमवायची.

आई घाटकोपरला एकटी राहायची. न्हाणीत पाय घसरून पडली, तेव्हा मी तिचं काही न ऐकता तिला इकडे आणली. आम्ही मूळचे मराठवाड्यातले बौद्ध, माझं सासर मालवणचं. लग्नाच्या वेळची भांडणं केव्हाच विझलेली. दोन्ही विहिणी एकमेकींशी इतक्या गोड बोलायच्या की मला धडकी भरायची. "घ्या ना, विहीणबाई." "छे, आधी तुम्ही." घरात माणसं अशी बोलतात का कधी?

आईची बॅग खाटेखाली, कपडे अजून त्यातच. मे संपला की परभणीला माझ्या भावाकडे जाते म्हणायची. भावाचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एकदा वर चढली की तिच्या गुडघ्यांनी ती पुन्हा खाली उतरणार नव्हती, हे मला कळत होतं आणि तिलाही. पण लेकीच्या घरी किती दिवस राहायचं, हे तिचं पालुपद. तिने जाऊ नये म्हणून मी जीव टाकत होते आणि वरून मात्र तिच्यावर खेकसत होते.

"ते भांडं तरी कशाला वेगळं?" एकदा मी वैतागून विचारलं.

"तुझ्या लग्नात तुझ्या चुलतसासूनं माझ्यासाठी कप बदलला होता," आई म्हणाली. "कुणी आपलं वेगळं ठेवायच्या आधी आपणच ठेवलेलं बरं."

इतकी वर्षं हे तिने पोटात ठेवलं होतं.

माझी मुलगी जनुकशास्त्र शिकते. एका रात्री जेवताना ती दोन्ही आज्यांना सांगायला लागली, की आईची आई, तिची आई, अशी रेघ मागे मागे नेत गेलं की कुठल्याही दोन बायकांच्या रेघा कुठेतरी एकाच बाईपाशी येऊन मिळतात. "म्हणजे तुम्हा दोघींची एक सामायिक आजी होती."

"खंयची ती?" सासूबाईंनी लगेच विचारलं. "मालवणचीच असतली."

आई हसली नाही. फक्त म्हणाली, "तिला जमलं असेल गं सगळ्यांत राहायला."

दोन थेंब भिडले म्हणून लगेच एक होत नाहीत, हे मी रोज बघते. मधे पाण्याचा पातळ थर अडकलेला असतो. तो कडेकडेने निसटत असतो आणि बघणाऱ्याला वाटतं, काहीच घडत नाहीये. मग तो एका जागी फाटतो आणि पापणी लवायच्या आत दोनाचा एक. ढगातसुद्धा कितीतरी थेंब एकमेकांवर आपटून नुसते उडून जातात. तरी पाऊस पडतोच. हे सगळं मला तोंडपाठ होतं, पण घरात त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

मेच्या शेवटच्या रविवारी सासूबाईंनी बांगडे ठेवायला जागा करायची म्हणून फ्रिज उघडला. मी ओट्यापाशी कांदा चिरत होते. त्यांनी आईचा डबा काढला, झाकण उघडलं आणि सगळी साय आपल्या पातेल्यात ओतली. मागे आई उभी होती.

"विहीणबाई, ती माझी होती," आई म्हणाली.

"माका म्हायत आसा." सासूबाई वळल्यासुद्धा नाहीत. "फ्रिजात माझ्या माशांचो वास. तुका तो सोसना नाय, म्हणान येगळी ठेवतंस. मगे तोंडान सांगूक काय झाला?"

आईने एवढे दिवस मनात काय धरलं होतं आणि या बाईने काय! आणि 'तुमका' सोडून 'तुका' कधी सुरू झालं, ते सासूबाईंनाही कळलं नसावं.

"वास नाही हो," आई म्हणाली. "मला वाटायचं, माझ्या हातचं तुम्हाला..."

सासूबाईंनी आता वळून तिच्याकडे नीट पाहिलं. त्यांना समजलं असावं, कारण त्यांचा चेहराच उतरला. मग त्यांनी फडताळातली रवी काढून आईच्या हातात दिली.

"बस गो हयसर. माझो खांदो धरलो हा, हात वर जाणा नाय. मिक्सरात घातलेला माका चलना नाय. तू घुसळ."

आई पाटावर बसली. बराच वेळ नुसता फेस येत होता. सासूबाई बर्फाचं पाणी घालत होत्या आणि सूचना तर थांबतच नव्हत्या. मग फेस बसला, कण दिसले, ते एकमेकांना चिकटत गेले आणि रवीभोवती पांढराशुभ्र गोळा जमला. त्यातली कुठली साय कुणाची, हे मलाही सांगता आलं नसतं. मी कांद्याच्या नावाखाली पोटभर रडून घेतलं.

संध्याकाळी भावाचा फोन आला. तिकीट काढायचं म्हणून तारीख विचारत होता. आई कपाळाला आठ्या घालून, दोन खोल्यांत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नको काढूस रे. इथं विहिणीचा खांदा धरलाय, मी आले तर लोणी कोण काढणार?"