चौथ्या भागाचा नारळ
नारळ फुटल्याचा वास आला की माझं डोकं अजून फिरतं. वडवणीच्या बाजारात एका आप्पांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. तिथल्या एका गेमचे तीन भाग आम्ही बोटांना घट्टे पडेस्तोवर खेळलो होतो, आणि वर्षभर वाट पाहायला लावून चौथा आला त्या दिवशी मी कॉलेज बुडवून सकाळीच जाऊन बसलो. आप्पांनी नेहमीसारखी नव्या कॅसेटला विभूती लावली, नारळ फोडला, कॅसेटच्या खाचेत फुंकर मारली आणि पहिला डाव मला दिला. तेच डोंगर, तेच पूल, उड्यासुद्धा त्याच! शेवटी समोर आला तो दुसऱ्या भागातलाच राक्षस, नुसता हिरव्याचा लाल केलेला, आणि तीन फटक्यांत मेला. मी रिमोट आपटला. “आप्पा, फसवलं की हो आपल्याला!” शेजारी खोबरं चावत बसलेला मित्र म्हणाला, “कावून बोंबलतो बे? नवाच हाय की.” आप्पांनी कॅसेट उपसली, तिच्यावरची विभूती अंगठ्यानं खसाखसा पुसली आणि जुना तिसरा भाग लावला. काल मुलीनं मोबाईलवर त्याच गेमचा नवा भाग कौतुकानं दाखवला. राक्षस आता निळा केलाय. मरतो मात्र अजून तीनच फटक्यांत.