नत्थूजींचा पळस आणि सिंधूताईंचा कोंब

खापा गावाच्या खालच्या अंगाला, कन्हान नदीच्या काठावर मायचं बन आहे. तिथली माय म्हणजे कमरेएवढं वारूळ. तोंड नाही, डोळे नाहीत, देऊळ तर नाहीच. बनात चप्पल चालत नाही, लोखंड चालत नाही आणि काडी मोडायची नाही. हे नियम बनाचे राखणदार नत्थूजींनी इतक्यांदा ओरडून सांगितले होते, की तिथल्या पोपटांनाही पाठ झाले असतील. आधी खाकरायचे, मग गरजायचे, "चप्पल काढ गा! बाजारात हिंडून राह्यला का?" आणि मग पुन्हा खाकरायचे.

बत्तीस वर्षं अक्षय तृतीयेला मायपुढची पहिली घागर त्यांचीच. बन राखेल तो ठेवेल, एवढा साधा हिशेब.

फाल्गुनात बनाला आग लागली आणि तो हिशेब मोडला. गावाची जुनी रीत अशी, की जळल्या बनात एकेका घराने एकेक खुंट धरायचा, नदीचं पाणी हाताने आणून घालायचं. ज्याचा खुंट आधी फुटेल, त्या वर्षी पहिली घागर त्याची. नत्थूजींनी सगळ्यांत थोरला पळस धरला. "मान कुठं जाते? आपल्याच घरात," असं बायकोला, कौशल्याबाईंना, सांगूनही टाकलं.

शेजारचा मरतुकडा पळस उरला, तो सिंधूताईंनी धरला. नोकरीतून मोकळी होऊन शहरातल्या नंदनवन वस्तीतून दोन वर्षांपूर्वी इथे राहायला आलेली ही बाई खुंटाशी चक्क गप्पा मारायची. "कसं वाटतंय राजा आज? फार भाजलं ना रे?"

घरी नत्थूजी मान वेळावून, नाकातून, हेच म्हणून दाखवायचे. कौशल्याबाई इतक्या हसायच्या की तव्यावरची भाकर करपायची.

आणि फुटला तो राजाच.

"अहो नत्थूजी, बघा तरी! कोंब!" सिंधूताई एवढ्या जोरात ओरडल्या, की नत्थूजींची घागर अर्धी पायावर सांडली. काळ्या राखेत मखमलीसारखी तीन पानं. अर्धं गाव बघायला आलं. जो तो म्हणे, बाईच्या हाताले गुण हाय.

"गुण!" त्या दिवशी नत्थूजी जेवलेच नाहीत. "पळसाले पानं तीनच. तिच्याले का चार आले?"

"मंग काहून जळता जी?"

"मी जळतो? आग बनाले लागली होती, मले नाई."

"धूर त इथूनच निघून राह्यला," कौशल्याबाई म्हणाल्या आणि ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी, आसपास कोणी नाही असं पाहून, नत्थूजी आपल्या खुंटापाशी उकिडवे बसले. खाकरले. "का रे... राजा... कसं वाटून राह्यलं?" खुंट गप्प. "बोल न बे!" तरी गप्प.

अक्षय तृतीयेच्या आदल्या दुपारी मात्र त्यांच्या नजरेत एक गोष्ट भरली. कोंब सिंधूताईंच्या खुंटाला नव्हताच. दीड हात बाजूला होता, आणि ती बाजू थोरल्या पळसाची होती!

खुरपं बनात आणायचं नाही, म्हणून त्यांनी बोटांनीच माती उकरली. अंगठ्याएवढं मूळ लागलं. गुडघ्यांवर सरकत त्याच्या मागे मागे गेले, तर ते थेट त्यांच्याच पळसाच्या बुडाशी. पळस मुळावरूनही फुटतो, हे बत्तीस वर्षांत त्यांच्याएवढं कोणाला ठाऊक! आता गावाला दाखवायचं. घागर आपली!

पण अशा उन्हात गाव यायचं संध्याकाळी. तोवर मूळ उघडं ठेवावं लागणार होतं. त्यांनी वळून पाहिलं, तर कोंबाची तिन्ही पानं आत्ताच मान टाकायला लागली होती. झाकून संध्याकाळी पुन्हा उकरावं, तर एवढी नाजूक फूट दुसऱ्यांदा जगणार नाही. नत्थूजींनी ओंजळभर माती उचलली, खाली टाकली, पुन्हा उचलली. मग स्वतःला, पळसाला आणि सबंध नंदनवनाला शिव्या घालत त्यांनी सगळी माती परत लोटली आणि घागर घेऊन नदीकडे पळाले.

तिसऱ्या खेपेला समोर सिंधूताई उभ्या. "अय्या! माझ्या राजाला पाणी घालताय?"

कोपरापर्यंत चिखल. बोलावं तर आत्ता.

"खुंटाले काहून ओतता बाई, कोंबाले ओता," नत्थूजी खेकसले. "तहानला होता तो."

"किती जीव आहे हो तुमचा! बरं, उद्या घागर केवढी आणू? मला काहीच माहीत नाही."

नत्थूजींनी आधी हातांवरचा चिखल खरवडला. "मोठी आणा. मातीची. आणि तोंडावर आंब्याचं पान."

सकाळी मायपुढे पहिली घागर सिंधूताईंची बसली. नत्थूजींनी आपली दुसरी तिला इतकी खेटून ठेवली की ठक्क वाजलं. मग वारुळाशी वाकून ते कुजबुजले, "मूळ कोणाचं हाय, तुले त माहीत हाय न माय?"

मागे सिंधूताईंचं "राजा, राजा" चाललं होतं, आणि प्रत्येक राजाला नत्थूजी एकदा खाकरत होते.